टर्बोला पाणी पाजताना

तासगाव तालुक्यात नोझल म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर मणेराजुरीपासून सावळजपर्यंत पहाटे फवारणीचे ब्लोअर सुरू होतात. दाब किती ठेवायचा, थेंब किती बारीक हवा, एक नोझल तुंबलं तर काय होतं, हे इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. म्हणून टर्बो इंजिनात पाणी किंवा पाणी-मिथेनॉल फवारणारा संच घ्यायचा विचार असेल, तर विक्रेत्याच्या बोलण्याआधी बागेतला अनुभव आठवावा.

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर ४० अंश असताना हवेचा दाब दुप्पट केला, की ती सहज सव्वाशे अंशांच्या पुढे जाते. इंटरकूलर तिला निववतो, पण चढावर भरलेली गाडी ओढताना तोही कमी पडतो. गरम हवा विरळ असते. पेट्रोल इंजिनात तिच्यामुळे इंधन अवेळी पेटतं आणि पिस्टनवर ठोके बसतात. डिझेलमध्ये धूर काळा येतो आणि सायलेन्सरकडे जाणारा वायू जास्त तापतो.

या हवेत पाण्याचा बारीक फवारा सोडला, की त्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, मिथेनॉलला त्याच्या निम्मीच. पण मिथेनॉल ६५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे लवकर उडतं, आणि ते स्वतः जळतंही. थोडक्यात, पाणी हा गारवा आहे, तर मिथेनॉल हा गारवा आणि वरून इंधनही. आपल्याला यातलं काय हवं आहे, हा पहिला प्रश्न.

ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत निम्मं पाणी आणि निम्मं मिथेनॉल असं मिश्रण फवारत, तेही एका वेळी १० मिनिटांपुरतंच. आपल्या हवाई दलाची कानपूरला बांधलेली ‘ॲव्हरो’ विमानं उन्हाळ्यात उड्डाण घेताना पाणी-मिथेनॉलचा आधार घेत. मला मात्र सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती १९६२ ची अमेरिकन गाडी, ओल्डस्मोबिल जेटफायर. तिला टर्बो होता आणि डिस्टिल्ड वॉटर व मिथेनॉलची वेगळी टाकीही. टाकी रिकामी झाली की झडप आपोआप बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, उतरवायची. मालक टाकी भरायला विसरत आणि गाडीत दम नाही म्हणून तक्रार करत. गाडी बाजारात टिकली नाही, पण त्या झडपेमुळे इंजिनं वाचत. आज स्वस्त संचांत नेमकी तीच गोष्ट गाळलेली असते.

आता निवडीकडे. नोझल मोठं घ्यायचा मोह आवरा. फवारा साधारणपणे इंधनाच्या वजनाच्या १० ते २० टक्के असतो. तेव्हा लहान नोझलने सुरुवात करावी. पंप ७ ते १५ बार दाबाचा असतो, म्हणजे बागेतल्या फवारणीच्या एचटीपी पंपापेक्षा कमीच. पण दाब पडला की थेंब जाड होतात आणि जाड थेंबाची वेळेत वाफ होत नाही. संच आला की नोझल काढून बरणीत धरा, पंप एक मिनिट चालवा आणि बरणीतलं पाणी मापा. ब्लोअर घेतल्यावर आपण हेच करतो. फवारा धुक्यासारखा न दिसता धार दिसली, तर ते नोझल परत करा.

नोझल इंटरकूलर आणि इंजिन यांच्या मधल्या पाइपावर बसवायचं, टर्बोच्या आधी नाही. टर्बोच्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर थेंब आदळून ती झिजतात. टाकी नोझलपेक्षा खाली ठेवा आणि मध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह घ्याच. पेट्रोल गाडीत नोझल थ्रॉटलच्या पुढे बसलं, तर आयडलला तिथे ओढ असते, तिने टाकीतलं पाणी हळूहळू खेचलं जातं. सिलिंडरमध्ये पाणी साठलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कंट्रोलर बूस्टप्रमाणे फवारा कमी-जास्त करणारा घ्या. एका ठराविक बूस्टला एकदम सुरू होणारा स्वस्त पडतो, पण मधल्या वेगाला इंजिन बुडवतो.

पाणी कुठलं वापरता, त्यावरही लक्ष हवं. ज्या बोअरच्या पाण्याने ठिबकचे ड्रिपर बंद पडतात आणि ॲसिड सोडावं लागतं, ते पाणी या बारीक छिद्राला चालणार नाही. बॅटरीचं पाणीच घाला.

मिथेनॉलबद्दल मी स्पष्टच लिहितो: घरच्या गाडीसाठी ते आणू नका. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं. ते पिऊन डोळे जातात, कातडीतूनही ते अंगात जातं, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. त्याच्या खरेदी-विक्रीवर विषांच्या कायद्याचे निर्बंध आहेत. शिवाय ते ॲल्युमिनियम आणि काही रबरी सील खातं. औषधांच्या खोलीत, पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं मिथेनॉल ही कल्पनाच मला नको वाटते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलात बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. वॉरंटीची तर आशाच सोडा.

पिकअप किंवा ट्रॅक्टर तापतो म्हणून कुणी हा संच घेत असेल, तर आधी एअर फिल्टर काढून बघावा, इंटरकूलरच्या जाळीत बसलेली माती हवेच्या दाबाने उडवावी, होजच्या क्लिपा आवळाव्यात. बऱ्याचदा एवढ्यानेच काम भागतं. तरीही संच हवाच असेल, तर फक्त पाण्याचा घ्या आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: टाकी रिकामी झाली किंवा नोझल तुंबलं, तर बूस्ट आपोआप उतरतो का? उत्तर ‘नाही’ आलं, तर तो संच घेऊ नका.