केकचे भांडे चाटू देऊ नका

नाताळ जवळ आला की चॉकलेट केकच्या मिश्रणाचे भांडे चाटायला मुले टपून बसतात. पण त्यात कच्चे अंडे व कच्चा मैदा असतो. दोन्हींतून साल्मोनेला हे जंतू पोटात जाऊ शकतात. मग ६ तास ते ६ दिवसांत ताप, मुरडा, जुलाब सुरू होतात.

चॉकलेट केक मुळातच काळपट, रंगावरून तो भाजल्याचे कळत नाही. मध्यभागी सुरी खुपसावी, कोरडी निघाली तरच केक उतरवावा. अंडी फोडल्यावर हात साबणाने धुवावेत.

जुलाब लागल्यास जलसंजीवनी द्यावी. शौचात रक्त दिसले किंवा मूल मलूल झाले, तर तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. भांडे न मिळाल्याने मूल रुसेल. त्याला केकचा पहिला तुकडा द्यावा!