खोके, ठोके आणि पोलीस ठाणे

एप्रिल २०२३च्या पहिल्या आठवड्यात अंबरनाथच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात एका गाण्यावरून गुन्हा दाखल झाला. गाणं अंबरनाथचं नव्हतं. ते म्हणणारा राज मुंगासे छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे इथून तीनएकशे किलोमीटर लांबचा. त्याने गाण्यात कुणाचं नाव घेतलं नव्हतं. बीटवर म्हटलेलं मराठी रॅप होतं ते, मार्चच्या अखेरीस समाजमाध्यमांवर आलेलं. त्यात पन्नास खोके होते, चोर होते, आणि ते सगळे एकदम ओके होते. एवढ्यावरून कुणाबद्दल बोलणं चाललंय ते महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. तक्रार दिली ती युवासेनेच्या (शिंदे गट) एका पदाधिकारी महिलेने.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही कर्जत मार्गावरची लागोपाठची शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या लेखी एकाच खात्यात मोडतात: परिमंडळ ४, उपायुक्तांचं कार्यालय उल्हासनगरात. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे चिरंजीव, खासदार श्रीकांत शिंदे यांच्या कल्याण मतदारसंघात उल्हासनगर आणि अंबरनाथ येतात. अंबरनाथचे आमदार बालाजी किणीकर शिवसेनेतल्या फुटीत एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेलेल्यांपैकी. गाणं कुठेही वाजलं तरी ते इथे जास्त जोरात ऐकू येणार, हे उघड होतं.

एखादं रॅप गाणं ‘हिट’ झालं हे ठरवतं कोण? अमेरिकेत त्याचं उत्तर सोपं आहे. बिलबोर्डची ‘हॉट १००’ यादी ४ ऑगस्ट १९५८पासून दर आठवड्याला निघते. त्यात क्रमांक लागला की झालं. मराठी रॅपला अशी यादी नाही. माझ्या मते या गाण्याचा क्रमांक लागला तो पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत, आणि मराठीत पुष्कळदा तसाच लागत आलेला आहे.

आधी गाणं कसं जुळून आलं ते पाहू, कारण त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग रॅपरने लिहिलेलाच नव्हता.

जून २०२२मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत बंड केलेले शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं तिथल्या हॉटेलातून कार्यकर्त्याशी झालेलं फोनवरचं बोलणं बाहेर फुटलं आणि झाडी, डोंगार, हाटील हे तीन शब्द गावोगाव पोचले. त्याच बोलण्यातलं ‘ओके’ लोकांच्या तोंडात बसलं. ऑगस्टमध्ये पावसाळी अधिवेशन भरलं तेव्हा विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी त्याला यमक जोडलं आणि घोषणा तयार झाली: पन्नास खोके, एकदम ओके. खोका म्हणजे कोटी; फुटलेल्या प्रत्येक आमदाराला पन्नास कोटी मिळाले असा तो आरोप. शिंदे गटाने तो कायम फेटाळला.

ही घोषणा टाळ्या वाजवत म्हणून बघा. चार शब्द, चार टाळ्या. हिपहॉपचा एक बार चार ठोक्यांचाच असतो आणि त्यात दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर स्नेअर, म्हणजे तो कडक ‘टाक्’, पडतो. घोषणेत दुसरा शब्द ‘खोके’, चौथा ‘ओके’. यमक बरोबर स्नेअरवर येऊन आदळतं. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या आमदारांनी कळत-नकळत रॅपचा हुक, म्हणजे डोक्यात रुतणारं पालुपद, रचून ठेवला होता आणि तो सात महिने रस्त्यावर पडून होता. कुणीतरी उचलायचाच अवकाश.

वेळही नेमकी होती. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. या फुटीवरची सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी १६ मार्चला संपून निकाल राखून ठेवला गेला. तो लागला ११ मेला. या दोन तारखांच्या मधल्या घुसमटीत गाणं आलं.

तयार हुक उचलणं ही रॅपमध्ये चोरी मानली जात नाही. उलट या कलेचा जन्मच तसा झालाय. १९७९ साली ‘शुगरहिल गँग’चं ‘रॅपर्स डिलाइट’ आलं ते ‘शिक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’ची बेसलाइन घेऊन. शिकच्या नाइल रॉजर्सने वकिलाची भाषा सुरू केल्यावर श्रेयनामावलीत नावं आली. ते गाणं ‘हॉट १००’मध्ये ३६व्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढे व्हॅनिला आइसचं ‘आइस आइस बेबी’ १९९०मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याचीही बेसलाइन उसनी. दोन वर्षांत आपल्याकडे बाबा सेहगलने त्या बर्फाचं ‘ठंडा ठंडा पानी’ केलं आणि उसनवारीची साखळी भारतापर्यंत येऊन पोचली. मुंगासेने तर उसनं घेतलं ते थेट विधिमंडळाकडून. त्याचा स्वामित्वहक्क मागायला कोण येणार?

आता थोडं गणित. मिनिटाला ९० ठोके ही रॅपची मध्यम चाल. या चालीत चार ठोक्यांचा एक बार पावणेतीन सेकंदांहून किंचित कमी वेळात संपतो. सोळा बारचं कडवं ४३ सेकंदांत. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते ‘ऐकलं’ असं मोजलं जातं. तीस सेकंदांत बसतात अकरा बार. म्हणजे जे काही डोक्यात रुतवायचं ते अकराव्या बारच्या आत रुतवायला हवं. जुन्या भावगीतासारखं वीस सेकंद व्हायोलिन वाजवत बसलात तर गिऱ्हाईक गेलं. म्हणून आजकाल हुक आधी आणि कडवं मागाहून. ज्याच्याकडे श्रोत्याच्या ओठांवर आधीच असलेला हुक आहे, त्याची निम्मी लढाई तिथेच संपते.

बाकीची सामग्री फार लागत नाही. अंबरनाथ-बदलापूरकडच्या वन-रूम-किचनमध्ये पोरं गाणी करतात ती अशी: बीट यूट्यूबवरून उतरवलेला किंवा थोडक्या पैशांत भाड्याने घेतलेला, लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ, एक कंडेन्सर माईक, भिंतीला उभी केलेली गादी, पंखा बंद. पंखा बंद ठेवावाच लागतो, नाहीतर त्याची घरघर आवाजात उतरते. मे महिन्यात हे किती सुखाचं असतं ते बदलापूरकरांना सांगायला नको. एका दमात सगळं म्हणायचं नाही. दोन-दोन ओळी म्हणायच्या, चुकलं की तिथूनच पुन्हा घुसायचं. याला ‘पंच-इन’ म्हणतात. रेल्वेलाइन जवळ असेल तर जलद गाडीचा भोंगा प्रत्येक चांगल्या टेकच्या शेवटी वाजतो, हा या मार्गावरचा नियमच समजा.

ही घरगुती तऱ्हा रूढ केली ती कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने. त्याने २०१४मध्ये ‘आफत’ आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्यावरच काढला. पुढच्या वर्षी डिव्हाइन या रॅपरबरोबर ‘मेरे गली में’ आलं. सप्टेंबर २०१६मध्ये जिओने डेटा स्वस्त केला आणि २०१९च्या फेब्रुवारीत दोन गोष्टी दोन आठवड्यांत घडल्या: १४ तारखेला ‘गली बॉय’ हा रॅपवरचा चित्रपट लागला, २६ तारखेला स्पॉटिफाय भारतात आलं. गाणी करणारी पोरं होतीच. आता गाणी मोजणारं यंत्रही आलं.

मोजणीचा शौक आपल्याला जुना आहे. रेडिओ सिलोनवर १९५२मध्ये सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’त अमीन सयानी गाण्यांच्या पायदानी सांगत, आणि ती क्रमवारी रेकॉर्डविक्री व श्रोता संघांच्या पत्रांवरून लागे. पण ती हिंदी सिनेमाच्या गाण्यांची. बिलबोर्डने २०२२च्या फेब्रुवारीत भारतासाठी वेगळी यादी सुरू केली, त्यातही हिंदी-पंजाबीचीच चलती. मराठी गाणं किती चाललं हे आपण वरातीवरून, गणपतीच्या मांडवावरून आणि रिक्षाच्या मागच्या स्पीकरवरून ओळखत आलो. कल्याणच्या शिंदे घराण्यातल्या आनंद शिंदेंचा ‘नवीन पोपट’ कॅसेटच्या जमान्यात किती खपला हे कुठल्याही यादीत न पाहता अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं.

आणि यंत्राचा आकडा खराच असतो असंही नाही. जुलै २०१९मध्ये रॅपर बादशाहच्या ‘पागल’ गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा दावा झाला. तो जागतिक विक्रम ठरायचा, पण यूट्यूबने तसं जाहीर केलं नाही आणि सप्टेंबरमध्ये नियमच बदलला: जाहिरातीचे पैसे देऊन मिळवलेले व्ह्यूज २४ तासांच्या विक्रमात धरायचे नाहीत. पुढच्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांच्या क्राइम इंटेलिजन्स युनिटने बनावट फॉलोअर्सच्या तपासात बादशाहला चौकशीला बोलावलं. सात कोटी वीस लाख व्ह्यूजसाठी बहात्तर लाख रुपये मोजले, असं पोलिसांचं म्हणणं. बादशाहने आरोप नाकारले. तीन वर्षांच्या अंतराने याच महानगर प्रदेशातले पोलीस दोन रॅप गाण्यांमागे लागले: एकदा आकडा फुगलाय म्हणून, एकदा शब्द टोचले म्हणून. मुंगासेच्या गाण्याची लोकप्रियता विकत घेतल्याची शंका मात्र कुणी काढली नाही.

अंबरनाथच्या गुन्ह्यात भारतीय दंड संहितेची कलमं लागली ५०१, ५०४ आणि ५०५(२). पहिलं बदनामीकारक मजकूर छापण्याचं, दुसरं शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम अपमान करण्याचं. ही दोन्ही अदखलपात्र. त्यांवर पोलीस आपणहून कुणाला उचलू शकत नाहीत. खरी धार तिसऱ्याला आहे. ५०५(२) म्हणजे समाजातल्या गटागटांत वैर, द्वेष पसरवणारं विधान. हे दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ते जोडलं की वॉरंटची वाट पाहावी लागत नाही. शिवाय ज्या ठिकाणी कृत्याचा परिणाम घडला तिथेही खटला चालवता येतो, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७९मध्ये होती. इंटरनेटवरच्या गाण्याचा परिणाम कुठे घडतो? जिथे कुणी ते ऐकून चिडतं तिथे. संभाजीनगरचं गाणं अंबरनाथच्या हद्दीत यायला तेवढं पुरतं.

हे कलम इथे कितपत बसतं, याबद्दल मला दाट शंका आहे. बिलाल अहमद कालू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्येच सांगून ठेवलंय की ५०५(२)साठी किमान दोन गट किंवा समाज समोरासमोर असावे लागतात. एकाच गटाच्या भावना चेतवल्याने ते लागत नाही. आमदार आणि मतदार हे दोन ‘समाज’ मानायचे असतील तर गोष्ट वेगळी!

त्याच एप्रिलमध्ये मुंबईच्या वडाळा टीटी पोलीस ठाण्यात उमेश खाडे या रॅपरवरही गुन्हा नोंदवला गेला. जनतेचे हाल सांगणारं त्याचं गाणं राज्यकर्त्यांची बदनामी करतं म्हणून. आणि हा रोग एकाच पक्षाला आहे असं कुणी समजू नये. २०१७च्या जुलैत आरजे मलिष्काने ‘सोनू’ या गाजलेल्या गाण्याच्या चालीवर मुंबई महापालिकेच्या खड्ड्यांवर गाणं केलं, तेव्हा पालिकेत सत्ता अखंड शिवसेनेची होती. युवासेनेच्या नगरसेवकांनी पाचशे कोटींच्या दाव्याची मागणी केली आणि तिच्या घरी डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस पोचली. पालिकेचे अधिकारी इतक्या तत्परतेने एरवी अळ्या शोधत असते तर डेंग्यू कधीच हद्दपार झाला असता.

मुंगासेवरच्या गुन्ह्याची बातमी फुटताच विरोधी पक्षांतले जितेंद्र आव्हाड आणि अंबादास दानवे मुंगासेच्या बाजूने उतरले. वृत्तवाहिन्यांनी गाण्याचे तुकडे दाखवले. ज्यांनी ते ऐकलं नव्हतं त्यांनी शोधून ऐकलं. सरकारी खर्चाने एवढी प्रसिद्धी कुठल्या कंपनीने केली असती? पण अशा प्रसिद्धीचं एक दुखणं आहे. क्लिप व्हॉट्सअॅपवरून फिरते, शंभर जण ती आपापल्या खात्यावर चढवतात, कुणी त्यावर पक्षाचं चिन्ह डकवतं. गाणं वितरकामार्फत रीतसर नोंदवलेलं नसेल तर हे व्ह्यूज एका खात्यात जमा होत नाहीत आणि त्यांचा पैसाही करणाऱ्याकडे येत नाही. गाव म्हणतं गाणं हिट आहे. यादीत ते नसतंच.

रीतसर वाटेने गेलेलं मराठी गाणं कुठवर पोचतं हे २०२४मध्ये दिसलं. क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ हाउस संगीताच्या ठोक्यावर मराठी शब्द घेऊन आलं आणि ते प्रसिद्ध केलं नेदरलँड्सच्या ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ने. मराठीचा गंधही नसलेली माणसं त्यावर नाचली. त्याच वर्षी मूळच्या केरळच्या रॅपर हनुमानकाइंडचं इंग्रजी ‘बिग डॉग्स’ थेट ‘हॉट १००’मध्ये २३व्या क्रमांकावर गेलं. दोन्ही गाणी सर्वांना चालणारी. कुठल्याही पोलीस ठाण्याची हद्द त्यांना आडवी आली नाही. ‘तांबडी चामडी’ मला आवडतं. पण ते ऐकून कुणाला अंबरनाथच्या ठाण्यापर्यंत चालत जावंसं वाटणार नाही, हेही खरं.

१ जुलै २०२४पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ५०४चं ३५२ झालं, ५०५चं ३५३, आणि ५०१ बदनामीच्या ३५६मध्ये विरघळलं. मजकूर जवळपास तोच. गादी लावून, पंखा बंद करून बदलापुरात एखादा पोरगा पुढचं गाणं लिहीत असेल तर त्याला अकरा बारचं गणित पाठ असतंच. आता हे तीन आकडेही पाठ करावे लागतील.