वीरकाव्य आणि इतिहासलेखन

पुण्याहून सिंहगडावर जाणारा मनुष्य कड्यापाशीं पोंचला, कीं घोरपडीची गोष्ट निघाल्यावांचून राहत नाहीं. ती लोकांच्या तोंडीं रुळली ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यामुळें. तानाजी १६७० सालीं पडला. पुढें १६९७ च्या सुमारास सभासदानें जिंजीस जी बखर लिहिली, तींत घोरपड नाहीं. दोघे मावळे वानरांसारखे कडा चढून गेले, एवढेंच आहे. मग पोवाडा खोटा म्हणून टाकून द्यावा काय?

हाच प्रश्न प्राचीन ग्रीकांपुढें उभा होता. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत हिरोडोटस इतिहास लिहावयास बसला, तेव्हां मोठ्या युद्धाची कथा सांगण्याचा थोर नमुना त्याच्यापुढें होता तो होमरच्या ‘इलियड’चा. माणसांचीं थोर कृत्यें कीर्तीवांचून राहूं नयेत, हा हेतु तो प्रारंभींच सांगतो. ही कीर्तीची चिंता वीरकाव्याचीच. होमरनें ट्रॉयवर गेलेल्या नौकांची यादी दिली. हिरोडोटस इराणी सम्राट झर्क्सीझचें सैन्य एकेका राष्ट्राच्या पोशाखा-शस्त्रांसह वर्णितो. पुढाऱ्यांच्या तोंडीं भाषणें घालण्याची रीतही तिकडचीच. मात्र काव्यदेवतेला आवाहन न करतां, अमुक मीं पाहिलें, अमुक ऐकिलें, असें तो सांगतो. आणि येथेंच इतिहासकार कवीपासून वेगळा होतो.

थ्युसिडिडीझ अधिक कठोर. कवि फुगवून सांगतात असें बजावून तो होमरच्याच नौकांची संख्या हिशेबास घेतो, आणि ट्रॉयवर किती सैन्य गेलें असेल याचा अंदाज बांधतो! भाषणें शब्दशः आठवणें कठीण, म्हणून प्रसंगास साजेशीं लिहिलीं, हेंही तो मोकळेपणें कबूल करतो. आमच्या बखरकारांनीं एवढी कबुली दिली असती, तर पुष्कळ वाद टळले असते.

त्यांच्या मनांत भारत-रामायण मुरलेलें होतें. पानिपत म्हटलें कीं भारती युद्धाची उपमा आलीच. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढून अस्सल पत्रांच्या आधारें बखरींतील चुका दाखविल्या. १९१० सालीं पुण्यांत इतिहास संशोधक मंडळ निघालें, तें याच शिस्तीचें. ती शिस्त आवश्यकच होती. पण तिच्या भरांत पोवाड्यांकडे पाठ फिरविणें मला पटत नाहीं. तारीख आणि आंकडा पत्रांतून घ्यावा. परंतु लोकांना काय गौरवास्पद वाटलें, हें पत्रांत क्वचितच सांपडतें. अफझलखानाचा वध १६५९ सालचा. अज्ञानदासाचा त्यावरील पोवाडा त्याच काळांतला असल्यामुळें इतिहासकार आज त्याला काव्य म्हणून वाचतात, तसेच समकालीन साधन म्हणूनही तपासतात.