आजोबांच्या हातावरची दारं

ये, बस इथे. माझा हात धर. म्हातारपणाचा एक फायदा म्हणजे शिरा शोधाव्या लागत नाहीत. हात खाली सोडतो, म्हणजे अजून फुगतील. आता या शिरेवर, बोटांकडच्या बाजूला, तुझं एक बोट गच्च दाबून ठेव. दुसऱ्या बोटाने तीच शीर कोपराच्या दिशेने पुसत ने. उचल ते दुसरं बोट. मधला तुकडा सपाट झाला ना? आणि सपाटच राहिला. वरचं रक्त खाली यायला तयार नाही. आता पहिलं बोट काढ... भरली की नाही टम्म! खालून.

हा खेळ माझा नव्हे. विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली तो पुस्तकात चित्रं काढून दाखवला. तोवर युरोपातले वैद्य हजारावर वर्षं गेलन या जुन्या वैद्याचं म्हणणं धरून बसले होते : जेवणाचं रक्त यकृतात बनतं, अंगभर जातं आणि तिथेच जिरतं. पाटाचं पाणी वाफ्यात जिरतं ना, तसं. हार्वे इटलीत पादुआला शिकला. त्याच्या गुरूंनी, फॅब्रिशियसनी, शिरांमधल्या झडपा दाखवल्या होत्या. पण पायात रक्त साचू नये म्हणून त्या असाव्यात, एवढ्यावरच ते थांबले. हार्वेने पाहिलं की सगळ्या झडपा हृदयाकडेच उघडतात. आपल्या विहिरीतला फूटव्हॉल्व्ह आठव. पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही.

मग एका ठोक्याला हृदय किती रक्त ढकलतं, त्यावरून त्याने हिशेब मांडला. मला त्याचं हेच सगळ्यात आवडतं, साधा गुणाकार! त्याने धरलेला आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी होता, तरी अर्ध्या तासातलं रक्त अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून जास्त भरलं. आपण आजचे आकडे घेऊ. एका ठोक्याला अर्धी वाटी, म्हणजे साधारण ७० मिलिलिटर. मिनिटाला ७० ठोके धर. झाले जवळजवळ ५ लिटर. तासाला ३०० लिटर, १५ लिटरच्या वीस घागरी! एवढं रक्त दर तासाला नवं बनवायला कुणी किती जेवायचं गं? आणि मोठ्या माणसाच्या अंगात मुळात रक्त असतं ५ लिटरच्या आसपास. म्हणजे तेच रक्त फिरून येतं, दुसरी वाटच नाही.

फिरतं ते असं. अंगभरातून आलेलं काळपट रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला. तिथून शेजारीच, फुप्फुसात. प्राणवायू घेऊन लालभडक झालेलं ते डाव्या बाजूला परततं आणि मग टाळूपासून तळपायापर्यंत. डाव्या कप्प्याची भिंत म्हणूनच जाड, पल्ला लांबचा. कान लावलास की लब-डब ऐकू येतं ना, तो हृदयातल्या झडपा मिटण्याचा आवाज.

पण एक गोष्ट हार्वेला शेवटपर्यंत दिसली नाही. धमनीतलं रक्त शिरेत शिरतं कुठून? तेवढ्या ताकदीचं भिंग त्याच्यापाशी नव्हतं. तो १६५७ साली गेला. चारच वर्षांनी माल्पिगी या इटालियन डॉक्टरने बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, आणि सापडली ती वाट : केसाहून बारीक नळ्यांची जाळी. तांबड्या पेशींना तिथून अंग चोरून, एकामागे एक जावं लागतं.

परत दाबतेस? दाब. या खेपेला मात्र उलटं पुस, कोपराकडून बोटांकडे, हळू. शिरेवर मधेच एक गाठ उठली बघ. तेच दार.