नाल्यातून समुद्रात, समुद्रातून जाळ्यात

मुंबईतील वर्सोव्याचे कोळी बोंबील आणि जवळा पकडतात ते डोल जाळ्याने. समुद्रात खुंटांना बांधलेले, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत गेलेले हे पिशवीसारखे जाळे. भरती-ओहोटीचा प्रवाह त्यातून वाहतो आणि येईल ते आत अडकते. मासळी कोणती आणि दुधाची रिकामी पिशवी कोणती, हे जाळ्याला काय कळणार! मग मासळीतून प्लॅस्टिक निवडत बसावे लागते. त्यात गेलेल्या वेळेचे पैसे कोणी देत नाही.

हे प्लॅस्टिक येते कोठून? बोटींवरून टाकलेला कचरा आणि तुटलेली जाळी त्यात असतातच. पण बराचसा ऐवज आपल्याच घरातला. भाजीच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या, बाटल्यांची बुचे. गटारातून नाल्यात, नाल्यातून मिठी नदीत किंवा थेट खाडीत असा त्याचा प्रवास होतो. उन्हाने त्याचे बारीक तुकडे पडतात, ते मासे गिळतात. तरंगती पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. पावसाळ्यातील मोठ्या भरतीला समुद्र काही माल मरीन ड्राइव्हवर परत आणून टाकतो, एवढाच काय तो हिशेब!

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. भरती होती, मिठीचे पात्र आक्रसले होते, तशी गटारेही प्लॅस्टिकने बुजली होती. त्यानंतर महाराष्ट्रात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. २०१८ मध्ये राज्याने आणखी कडक बंदी घातली; २०२२ मध्ये एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तू देशभर बंद झाल्या. तरी पातळ पिशवी बाजारात मिळतेच. दंडाची भीती भाजीवाल्याला. पिशवी मागणारे गिऱ्हाईक मात्र नामानिराळे.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचऱ्याचे थर साचले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन तो उचलायला सुरुवात केली. पुढे कोळी, विद्यार्थी, गृहिणी दर आठवड्याच्या सुटीला येऊ लागल्या. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे निघाली. कित्येक वर्षांत तेथे असे दृश्य दिसले नव्हते.

पण प्रत्येक भरती नवा कचरा आणतच होती. तेव्हा या मंडळींनी मिठी नदीच्या काठाकडेही मोर्चा वळवला. पिशवीला समुद्राआधीच गाठायचे, म्हणून.