ढग्याच्या वाटेवर

जानेवारीच्या अखेरीस सागाच्या रानात चोरपावलांनी चालणं शक्यच नाही. ताटाएवढी वाळकी पानं पायाखाली करकरा मोडतात. म्हणून आमचा वाटाड्या थोडं चाललं की हात वर करतो आणि अख्खी रांग जागच्या जागी थांबते. "थांबा जी, आयका." पाचोळा गप्प झाला की बाकीचं कानावर येतं. सुतारपक्ष्याची टकटक, दरीच्या पलीकडून वानराची हाक. वाटाड्या ती हाक पुन्हा येते का, याची वाट पाहतो. नाही आली तर धोका नाही असं समजून चालायला लागतो.

आम्ही मित्र निघालो होतो ढग्याला, धाम नदीच्या उगमाकडे. हीच धाम पुढे महाकालीच्या धरणात अडते, वर्धा शहराला पाणी पाजते आणि पवनारला विनोबांच्या आश्रमाशेजारून वाहते. ढग्याचा महादेव महाशिवरात्रीला गजबजतो. एरवी या वाटेला गुराखी आणि जनावरंच. जवळच्या बोर व्याघ्र प्रकल्पात पायी हिंडता येत नाही, आणि तेच बरोबर आहे. इथेही वनखात्याला विचारून आणि गावातला माणूस सोबत घेऊनच आलो.

रांगेचा नियम साधा. सगळ्यात हळू चालणारा वाटाड्याच्या लगेच मागे, सगळ्यात सवयीचा शेवटी. हळू चालणाऱ्याला मागे ठेवलं की तो धापा टाकत पोचतो आणि पुढचे विसावा संपवून उठलेले असतात. त्याला बसायला मिळतच नाही. पुढे ठेवला की रांग तुटत नाही. पाणी ज्याचं त्याने पाठीवर घ्यायचं, कारण लहान नाले आताच कोरडे पडलेत.

दगड काळा, माती लालसर, चढ बेताचे. साग, धावडा, तेंदू, मध्येच गोरीपान सालई. पळसाला फूल नाही, फक्त मखमली काळपट कळ्या. सागाचं एक पान उचलून उजेडात धरलं. अळीने शिरांमधला सगळा गर खाल्लेला, उरली नुसती जाळी, तीही इतकी नेटकी की बोट लावायला जीव होत नव्हता. पुढे पांढरीशुभ्र गवळाऊ गुरं आडवी आली. ही जात याच आर्वी-कारंजा भागातली, पायाने चपळ.

दुपारी बैलगाडीच्या वाटेवर धुळीत ठसा दिसला. वाटाड्या उकिडवा बसला, काडीने ठशाभोवती रेघ ओढली. "मादी हाय. लांबट हाय पाहा. नराचा चौकोनी रायते." कडा अजून ढासळल्या नव्हत्या. त्याने आम्हाला जवळजवळ चालायला सांगितलं आणि गप्पा बंद झाल्या.

त्यानंतर उरलेला दिवस मला ब्रह्मपुरीची एक वाघीण आठवत राहिली. जुलै 2017 मध्ये तिला पकडून बोरमध्ये सोडलं. गळ्यात रेडिओ कॉलर. ती तिथे थांबली नाही. 76 दिवसांत 500 किलोमीटरहून जास्त चालली आणि ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरी शिवारात, शेताच्या कुंपणातल्या विजेने मेली. रानडुकरं येऊ नयेत म्हणून तारेत सोडलेली वीज.

रान किती तुटक आहे, हे नकाशावर बोरचा हिरवा ठिपका पाहून कळत नाही. पायांना कळतं. तासभर सलग रान, मग एकदम उजेड, हरभऱ्याचं शेत, तुरीच्या तुऱ्हाट्या, बांधावर मचाण. पलीकडे पुन्हा रान. वाघाला एका रानातून दुसऱ्यात जायचं तर हाच बांध ओलांडायचा आहे. आणि त्या मचाणावर रात्र काढणारा शेतकरीही माझ्याच जिल्ह्याचा. तिथे भेटलेल्या काकांचे डोळे जागलीने लाल झाले होते. रोही एका रात्रीत वावर बसवतात, ते म्हणाले, मग वर्षभर खायचं काय? या माणसाला वाघाचा वैरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सौर कुंपण नीट बसवलं तर झटका बसतो, जनावर पळतं, जीव जात नाही. जंगलाच्या काठावरल्या प्रत्येक वावराला ते मिळायलाच हवं, आणि पेरणीच्या आधी मिळायला हवं.