बाजूला सरलेली वाट

संथ पोहणारा, किनाऱ्याजवळ येणारा आणि मेल्यावरही पाण्यावर तरंगणारा, म्हणून शिकारीला ‘योग्य’. उत्तर अटलांटिकमधल्या देवमाशाला ‘राइट व्हेल’ हे नाव असं पडलं, असं सांगतात. शतकानुशतकांच्या कत्तलीनंतर १९३५ साली त्याच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. भाले थांबले. पुढे त्याला गाठलं ते जहाजांनी आणि मासेमारीच्या दोरांनी. त्याला मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं, तरी तो मरत राहिला.

काळंभोर अंग आणि पाठीवर पर नाही, त्यामुळे जहाजावरून तो सहज दिसत नाही. २००३ मध्ये फंडीच्या उपसागरातला जहाजांचा मार्गच त्याच्या चरण्याच्या जागेपासून दूर नेण्यात आला. २००८ च्या डिसेंबरपासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक महिन्यांत, ६५ फूट व त्याहून लांब जहाजांना १० नॉटची, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरची मर्यादा आली. २०१० च्या सुमारास त्याची संख्या पावणेपाचशेच्या वर गेली होती.

मग समुद्र तापला. ज्यांच्यावर तो जगतो ते तांदळाच्या दाण्याएवढे जीव मेनच्या आखातात कमी झाले आणि त्यांच्या मागावर देवमासे सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे वळले. तिथे त्यांच्यासाठी कसलीच तयारी नव्हती. २०१७ या एका वर्षात कॅनडा आणि अमेरिकेत मिळून १७ मृत राइट व्हेल सापडले. घाईघाईने वेगमर्यादा आली, पुढच्या वर्षी मासेमारीवर बंधनंही आली.

दोरांचं दुखणं मात्र राहिलंच. तळाशी खेकड्यांचा पिंजरा, वर बोया आणि मध्ये उभा दोर. ‘स्नो कोन’ नावाच्या मादीचं पहिलं पिल्लू २०२० मध्ये जहाजाच्या धडकेने गेलं. पुढच्या वर्षी ती स्वतः दोरात अडकली. डिसेंबर २०२१ मध्ये जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळ ती दिसली तेव्हा तोंडातून दोर लोंबत होता आणि कुशीला नवं पिल्लू होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ती शेवटची दिसली. तेव्हा अंगावर आणखी दोर होते आणि पिल्लू सोबत नव्हतं.

आज हे देवमासे पावणेचारशेच्या आसपास उरलेत. ध्वनीच्या इशाऱ्यावर बोया वर सोडणारे पिंजरे आता तयार आहेत, म्हणजे एरवी पाण्यात दोर उभा राहतच नाही. ते महाग आहेत. त्यांचा भार एकट्या कोळ्यावर टाकू नये. जहाजांची वाट बदलली तेव्हा खर्च सोसलाच होता, आणि देवमासे वाढले होते.